बीपी तर कमीच आहे, मग गोळी कशाला?

प्रश्न : मी २९ वर्षांची आहे. धायरीत राहते, नोकरीसाठी रोज बसने खराडीला जाते. पहिलंच बाळंतपण, बाविसावा आठवडा चालू आहे. माझं बीपी एरवी ११६/७४ च्या आसपास असायचं, मागच्या तपासणीला ९६/५८ भरलं. बसमध्ये उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. परवा स्वारगेटला एका बाईंनी धरून बसवलं. तळहात लाल दिसतात, सारखं उकडतं, ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं. सासूबाई म्हणतात अंगात रक्तच नाही, म्हणून रोज मीठ घालून लिंबू सरबत आणि पानात लोणचं. माझ्या सख्ख्या बहिणीचं आठव्या महिन्यात बीपी वाढून तातडीने सिझर करावं लागलं होतं. त्यामुळे डॉक्टरांनी मला तेराव्या आठवड्यापासून रात्री अ‍ॅस्पिरिनची गोळी दिली होती. सोसायटीतले एक काका म्हणाले, ती रक्त पातळ करते, बीपी आणखी पडेल. सोनोग्राफीत गर्भपिशवीकडचा रक्तप्रवाह बघणारा डॉप्लरही नॉर्मल आलाय. म्हणून दहा दिवसांपूर्वी मी गोळी बंद केली. डॉक्टरांना अजून सांगितलेलं नाही. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं की माहेरी, साताऱ्याला जाणार आहे. मी केलं ते बरोबर आहे ना?
– एक वाचक, धायरी

उत्तर : गोळीचं आधी बोलू, बाकीचं मग निवांत. आजच दवाखान्यात फोन करा आणि गोळी दहा दिवस बंद आहे हे जसंच्या तसं सांगा. डॉक्टर थोडं रागावतील. रागावू देत. तुम्हाला अल्सर, अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी, त्या गोळीने उठणारा दमा किंवा मध्यंतरी रक्तस्राव असं काही नसेल, तर बहुधा ती पुन्हा सुरू करायला सांगतील. मात्र सुरू करायची ती त्यांच्या सांगण्यावरून. माझा लेख वाचून नको, आणि काकांना विचारून तर नकोच.

काका अगदीच चूक नाहीत. अ‍ॅस्पिरिनने रक्त गोठायची क्रिया थोडी मंदावते हे खरं. पण तुम्हाला दिलेल्या एवढ्याशा डोसात ती बीपी उतरवत नाही. बीपी उतरवण्यासाठी ती दिलेलीच नव्हती. तुम्ही मनाशी हिशेब केलात तो असा: बीपी कमी, डॉप्लर नॉर्मल, म्हणजे बहिणीसारखं माझं होणार नाही. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत, पण तिसरी त्यांच्यातून निघत नाही. ती का निघत नाही, हे कळण्यासाठी तुमचं बीपी मुळात कमी का झालं ते पाहावं लागेल.

सासूबाईंचं निदान आधी बाजूला ठेवू. तुमच्या अंगात रक्त कमी नाही, लग्नात होतं त्यापेक्षा आत्ता जास्त आहे. गरोदरपणात रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाढतो. वर एक लिटरहून जास्त भर पडते. तांबड्या पेशीही वाढतात, पण वीस-तीस टक्केच. त्यामुळे हिमोग्लोबिनचा आकडा खाली दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार पहिल्या आणि शेवटच्या तिमाहीत ११ आणि मधल्या तिमाहीत १०.५ च्या खाली गेलं तरच अ‍ॅनिमिया म्हणायचं. तुमचा रिपोर्ट काढून बघा. १०.५ च्या खाली असेल तर सासूबाईंची माफी मागते, आणि लोहाच्या गोळ्यांचं डॉक्टरांशी नीट बोला. एक सांगते, लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकाच वेळी घेऊ नका. कॅल्शियममुळे लोह अंगी लागत नाही. एक सकाळी, एक रात्री, असं काहीतरी ठरवून टाका.

रक्त वाढलं, हृदयही जास्त काम करतंय. एरवी मिनिटाला पाच लिटरच्या आसपास रक्त ढकलणारं हृदय गरोदरपणाच्या मध्यावर सहा-सात लिटर ढकलतं. नाडी मिनिटाला दहा-वीस ठोके जास्त चालते. मग दाब वाढायला हवा होता, तो कमी कसा झाला? तुमच्या सोसायटीत मोठा पंप बसवला आणि त्याच वेळी सगळ्या मजल्यांवरचे सगळे नळ सोडले, तर पाइपातला दाब वाढणार नाही, उलट उतरेल. पाणी मात्र सगळीकडे जास्त पोहोचेल. तुमच्या शरीरात नेमकं हेच झालंय. अगदी बारीक धमन्यांच्या भिंतीत स्नायूंचं एक कडं असतं आणि ते नेहमी थोडं आवळलेलं असतं. हा ताण गरोदरपणात सैल पडतो. पाळी चुकली हे लक्षात येईपर्यंत, पाचव्या-सहाव्या आठवड्यातच ही सुरुवात होते. बाळाला पोसणारी वार (प्लासेंटा) अजून नीट तयारही झालेली नसते. सैलपणा सर्वांत जास्त असतो तो विसाव्या ते चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास. तुमचा बाविसावा चालू आहे. म्हणजे ९६/५८ हा आकडा तुम्ही अगदी तळाला असतानाचा आहे. एरवी या दिवसांत वरचा-खालचा आकडा पाच-दहाने उतरतो, खालचा जरा जास्तच. तुमचा त्याहून थोडा जास्त उतरला आहे, पण बाळाची वाढ चांगली असेल आणि अंधारीखेरीज दुसरा त्रास नसेल तर या आकड्यावर औषध लागत नाही.

लाल तळहात, सारखं उकडणं, हिरड्यांतलं रक्त, चोंदलेलं नाक हे सगळं त्याच सैलपणातून येतं. कातडीकडे, हिरड्यांकडे, नाकाच्या आतल्या पडद्याकडे रक्त जास्त वाहतं. किडनीकडेही. किडनीची गाळणी पन्नास टक्के जास्त काम करते आणि त्यामुळे रक्तातलं क्रिएटिनिन उतरतं. हे मुद्दाम सांगते, कारण लॅबच्या कागदावर १.० या आकड्यापुढे लाल खूण नसते आणि घरचे म्हणतात, नॉर्मल आहे. गरोदर बाईत ते ०.८ च्या वर गेलं तर डॉक्टरांनी दुसऱ्यांदा बघायला हवं. हिरड्यांचं म्हणाल तर मऊ ब्रश घ्या, दात घासणं बंद करू नका, आणि एकदा दंतवैद्याकडे जाऊन या.

या सैलपणामागे कोण आहे? बरेच हात आहेत. इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन, रिलॅक्सिन ही संप्रेरकं. आणि त्यांच्या सांगण्यावरून रक्तवाहिनीच्या आतलं अस्तर तयार करतं ती दोन रसायनं, नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन. नायट्रिक ऑक्साइड हा खरं तर वायू. तो अस्तरातून शेजारच्या स्नायूत जातो आणि त्याला सैल करतो. या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना १९९८ चं नोबेल मिळालं. घरातल्या एखाद्या आजोबांना छातीत दुखलं की जिभेखाली सॉर्बिट्रेट देतात ना, ती याच वाटेने काम करते.

आता मला सर्वांत नवल वाटतं ते सांगते. गरोदर बाईच्या रक्तात धमन्या आवळणारी रसायनं कमी झालेली नसतात. अँजिओटेन्सिन नावाचं जे जबरदस्त आवळणारं रसायन आहे, ते उलट वाढलेलं असतं. चेतातंतूंकडून येणारे आवळण्याचे संदेशही वाढलेले असतात. पण धमन्या ऐकत नाहीत. हुकूम वाढले आणि हुकूम मानणं कमी झालं, असा प्रकार. अमेरिकेत डॅलसमध्ये नॉर्मन गँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिलटकरणींना शिरेतून अँजिओटेन्सिन देऊन, खालचा आकडा ठरावीक इतका वर चढायला किती डोस लागतो ते मोजलं. ते काम १९७३ साली प्रसिद्ध झालं. ज्यांचं बाळंतपण सुरळीत पार पडलं त्यांना एरवीपेक्षा बराच जास्त डोस लागला. ज्यांचं बीपी पुढे वाढलं, त्यांच्या धमन्या मात्र कित्येक आठवडे आधीपासून पुन्हा हुकूम मानू लागल्या होत्या. आणि त्या आठवड्यांत दवाखान्यातल्या मशीनवर त्यांचं बीपी नॉर्मलच दिसत होतं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. बीपीचा आकडा बिघडतो तो सर्वांत शेवटी. धमन्यांचा स्वभाव आधी बदलतो. म्हणून आजच्या ९६/५८ वर पुढच्या तीन महिन्यांची हमी मिळत नाही.

बदल होतो कुठे? सुरुवात गर्भपिशवीतच होते. पिशवीच्या आतल्या थरात नागमोडी धमन्या असतात. वारेच्या पेशी त्यांच्यात शिरतात, भिंतीतला स्नायू काढून टाकतात आणि त्यांची तोंडं कित्येक पटींनी रुंद करतात. हे काम पाचव्या महिन्याच्या आसपास बरंचसं उरकलेलं असतं. अशा धमनीला मग कोणी आवळ म्हटलं तरी आवळता येत नाही, कारण आवळणारा स्नायूच उरलेला नसतो. आईचं मन अस्वस्थ असो, दुपारचं ऊन असो, अ‍ॅड्रेनलिन वाढो, बाळाच्या वाट्याचं रक्त चालू राहतं. गरोदर नसताना मिनिटाला शंभर मिलिलिटरसुद्धा रक्त न लागणारी गर्भपिशवी नवव्या महिन्यात अर्धा ते पाऊण लिटर घेते.

काही बायकांत हे रुंदीकरण अर्धवट राहतं. स्नायू शिल्लक राहतो, तोंडं अरुंद राहतात, वारेला रक्त नीट मिळत नाही. अशी वार आईच्या रक्तात काही प्रथिनं जास्त सोडू लागते. त्यांतलं एक, एसएफएलटी-१, रक्तवाहिन्यांच्या अस्तराला निरोगी ठेवणारे घटक पकडून ठेवतं. बोस्टनमध्ये डॉ. अनंत करुमंची यांच्या गटाने २००३ मध्ये हे दाखवून दिलं. अस्तर आजारी पडलं की नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन कमी पडतात, धमन्या आवळतात, बीपी चढतं, किडनीतून प्रथिनं गळतात, यकृताला आणि मेंदूला सूज येते. हाच प्री-एक्लॅम्प्सिया. वेळेत आवरलं नाही तर झटके येतात. तुमच्या बहिणीचं सिझर डॉक्टरांनी घाईने केलं ते यासाठीच. वार बाहेर येणं हाच त्याचा खरा उपाय.

अ‍ॅस्पिरिनचं काम आता समजायला सोपं जाईल. रक्तातल्या प्लेटलेट्स थ्रोम्बॉक्सेन बनवतात, त्याने धमन्या आवळतात आणि गुठळ्या होतात. अस्तर प्रोस्टासायक्लिन बनवतं, त्याचं काम बरोबर उलटं. ही रसायनं बनवणारं एन्झाइम अ‍ॅस्पिरिन दोघांतही बंद पाडते, पण अस्तराच्या पेशींना केंद्रक असतं, त्या काही तासांत नवं एन्झाइम बनवून पुन्हा कामाला लागतात. प्लेटलेटला केंद्रकच नाही; ती मरेपर्यंत गप्प राहते. म्हणून थोड्या डोसात, रोज, पारडं सैल धमन्यांच्या बाजूला झुकतं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ‍ॅस्प्री’ चाचणीत जास्त जोखमीच्या बायकांना अकराव्या ते चौदाव्या आठवड्यापासून छत्तिसाव्यापर्यंत रोज रात्री १५० मिलिग्रॅम दिलं. दिवस भरण्याआधी, सदतिसाव्या आठवड्याच्या आत होणारा प्री-एक्लॅम्प्सिया त्यांच्यात ६२ टक्क्यांनी कमी झाला. सुरुवात सोळाव्या आठवड्याच्या आत व्हावी लागते, ती तुमची झाली होती. पहिलं बाळंतपण आणि सख्ख्या बहिणीचा इतिहास, अशा दोन गोष्टी एकत्र आल्यावर ही गोळी देणं हा नेहमीचा वैद्यकीय व्यवहार आहे. तुमच्या डॉक्टरांनी काही जगावेगळं केलेलं नाही. आणि अंगदुखीवर घ्यायच्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांचा या गोळीशी गोंधळ करू नका. त्या विसाव्या आठवड्यानंतर स्वतःच्या मनाने अजिबात घ्यायच्या नाहीत.

डॉप्लर नॉर्मल आला ही चांगलीच बातमी आहे. गर्भपिशवीच्या मोठ्या धमनीत रक्त सहज वाहतंय, पुढचा अडथळा कमी आहे, असा त्याचा अर्थ. तो तसा आला नसता तर मला जास्त काळजी वाटली असती. पण डॉप्लर नॉर्मल असलेल्या बायकांतही पुढे, विशेषतः दिवस भरत आल्यावर, बीपी वाढू शकतं.

चक्कर का येते? उभं राहिलं की रक्त पायांत साठतं. एरवी पायांतल्या धमन्या आणि शिरा झटकन आवळून ते वर ढकलतात. तुमच्या सध्या ऐकत नाहीत. त्यात स्वारगेटची गर्दी, बंद खिडकी, उन्हाने कातडीकडे वळलेलं रक्त, आणि सकाळी घाईत न खाल्लेला नाश्ता. उपाय फार मोठे नाहीत. बसमध्ये सरळ जागा मागा, पुण्यात लोक टोमणे मारतात पण जागाही देतात. उभं राहावंच लागलं तर टाचा वर-खाली करत राहा, पोटऱ्या आवळा, पाय एकमेकांवर अढी घालून दाबा. पोटरीचा स्नायू आवळला की शिरेतलं रक्त वर चढतं. अंधारी येतेय असं वाटताच, ‘पुढच्या स्टॉपला उतरू’ असा विचार न करता तिथेच खाली बसा. लाज वाटली तर वाटू दे, पडण्यापेक्षा बरं. घरी असाल तर डाव्या कुशीवर आडव्या व्हा. सकाळी उठताना आधी कुशीवर, मग पलंगाच्या कडेला बसून दोन मिनिटं, मग उभं. फार कडक पाण्याने अंघोळ नको. चतुर्थी-एकादशीचे कडक उपास यंदा सोडून द्या, बाप्पा आणि विठोबा दोघंही समजूतदार आहेत. थोडं थोडं पण सारखं खा, पाणी भरपूर प्या.

आणि मीठ? गरोदरपणात किडनी स्वतःच मीठ आणि पाणी धरून ठेवते, अंगातलं पाणी सहा ते आठ लिटरने वाढतं. वरून जास्तीचं मीठ देऊन धमन्या आवळत नाहीत. उलट बाजूने, कोणी बीपी वाढेल म्हणून अळणी खायला सांगितलं तर त्यानेही प्री-एक्लॅम्प्सिया टळत नाही. घरचं चवीपुरतं मीठ खा. सासूबाईंचं सरबत प्या, मीठ चिमूटभर असू दे. लोणचं रोज नको. जमल्यास त्यांना तपासणीला बरोबर न्या. डॉक्टरांच्या तोंडून एकदा ऐकलं की घरातले निम्मे वाद मिटतात.

चक्करीबरोबर छातीत दुखणं, आडवं पडल्यावर धाप लागणं, खरंच शुद्ध हरपणं, रक्तस्राव किंवा पोटात कळा असतील तर ते या सैलपणाच्या खात्यात टाकू नका. तसंच एकाच पायाला, बहुतेक वेळा डाव्या, सूज येऊन पोटरी दुखत असेल तर त्याच दिवशी दाखवा. गरोदरपणात शिरेत गुठळी व्हायचा धोका कित्येक पटींनी वाढलेला असतो. संध्याकाळी दोन्ही पायांवर येणारी आणि रात्रीत उतरणारी सूज त्यातली नाही.

उताणं झोपण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारणार हे मला माहीत आहे. मोठी झालेली गर्भपिशवी उताणं झोपल्यावर पोटातल्या मोठ्या शिरेवर दाब देते, हृदयाकडे रक्त कमी परततं, घाम फुटून घाबरं होतं. अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून झोपताना कुशीवर पडायची सवय ठेवा. मध्यरात्री जाग आली आणि उताणं असाल तर कूस बदला आणि झोपा. त्यावरून रात्रभर जागत बसू नका.

आता साताऱ्याचा मुद्दा. तुमच्या पत्रातली ही ओळ मी दोनदा वाचली. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत गोड आहे. पण तिच्यात एक मोठी फट आहे. सातव्या-आठव्या महिन्यात बाई नव्या डॉक्टरांपुढे बसते आणि त्यांना तिचं आधीचं बीपी माहीतच नसतं. मधल्या महिन्यांतली उतरण दोन्ही बाजूंनी फसवते. समजा एखादीचं बीपी आधीपासूनच १४०/९० आहे आणि ती पहिल्यांदा पाचव्या महिन्यात दवाखान्यात आली, तर तिथे १२६/८० दिसेल आणि सगळे खूश होतील. शेवटच्या तिमाहीत तेच बीपी आपल्या मूळ जागी परतलं की नवा आजार वाटेल. तुमच्या बाबतीत छत्तिसाव्या आठवड्यात ११६/७४ दिसलं तर घाबरायचं कारण नाही. ते तुमचं मूळ बीपी, सगळ्यांचंच शेवटी तिथे परततं. पण १३६/८८ दिसलं तर नवे डॉक्टर कदाचित म्हणतील, १४०/९० च्या आत आहे, चालेल. मूळ ११६/७४ आणि मधलं ९६/५८ त्यांच्यासमोर असेल तर त्यांना तुम्हाला दोन दिवसांत पुन्हा बोलवावंसं वाटेल. पूर्वी वरचा आकडा ३० ने किंवा खालचा १५ ने वाढला की त्यालाच आजार म्हणत. आता निदानासाठी तो निकष वापरत नाहीत, चार तासांच्या अंतराने दोनदा १४०/९० किंवा जास्त लागतं. लक्ष ठेवायला मात्र तो अजून कामाचा आहे.

तेव्हा वही करा. तारीख, आठवडा, बीपी, बस्स. पहिल्या तिमाहीतले आकडे जुन्या कागदांतून उतरवून घ्या, तेच सर्वांत मोलाचे. दंडावर बांधायचं मशीन घ्या, मनगटाचं नको. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, पाय जमिनीला टेकवून, दंड छातीच्या उंचीला ठेवून मोजा. डाव्या कुशीवर झोपून वरच्या उजव्या हाताचं मोजलं तर आकडा खोटा कमी येतो, ते करू नका. मशीन परवडत नसेल तर महापालिकेच्या दवाखान्यात मोजून मिळतं; सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या नऊ तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी होते, साताऱ्यातही. सध्या आठवड्यातून एकदा पुरे, अठ्ठाविसाव्यानंतर दोनदा. दिवसातून पाच वेळा मोजून स्वतःला हैराण करू नका.

आकड्याची वाट न पाहता दवाखाना गाठायचा तो केव्हा? पॅरासिटामॉलने न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे ठिणग्या किंवा धूसर दिसणं, उजव्या बाजूला बरगडीखाली दुखणं, सकाळी उठल्यावर चेहरा सुजलेला आणि अंगठी निघेना, बाळाची हालचाल मंदावणं. १६०/११० दिसलं तर १०८ ला फोन, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी.

डोहाळजेवण करा. हौसेने करा. फक्त ओटी भरायला आलेल्या प्रत्येकीसाठी दोन तास उभं राहू नका, झोपाळ्यावर बसून घ्या, जडशीळ शालूच हवा असा हट्ट नको. साताऱ्याला जाण्याआधी तिथल्या डॉक्टरांना एकदा भेटून या आणि फाइल त्यांना स्वतः उघडून दाखवा.

तुमच्या ताईंसाठीही दोन ओळी. ज्यांना प्री-एक्लॅम्प्सिया होऊन गेला, त्यांच्या धमन्या बाळंतपणानंतरही बराच काळ पूर्ण सैल होत नाहीत. दंडावरचा पट्टा पाच मिनिटं आवळून सोडला की वाढलेल्या प्रवाहाबरोबर धमनी रुंदावते, ते अल्ट्रासाउंडवर मोजता येतं. या बायकांत ते रुंदावणं कमी भरतं. पुढच्या आयुष्यात त्यांना हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो. मूल कितीही मोठं झालेलं असो, ताईंनी वर्षातून एकदा बीपी, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासावं, आणि डॉक्टरांना आठव्या महिन्यातल्या त्या सिझरचं कारण आपणहून सांगावं. ते कोणी विचारत नाही.

राहिलं बाळंतपणानंतरचं. बाळ झालं की बीपीची वही मिटायची नाही. तिसऱ्या ते सहाव्या दिवशी बीपी पुन्हा चढतं, आणि नेमकं तेव्हा तुम्ही घरी आलेल्या असता, सगळ्यांचं लक्ष बाळाच्या शी-शूकडे असतं. बाळंतिणीचं डोकं दुखतंय म्हटलं की घरात उत्तर तयार असतं, झोप झाली नसेल. त्या आठवड्यात रोज एकदा मोजा, मग सहा आठवडे अधूनमधून. शेक-शेगडी आणि कढत पाण्याची अंघोळ आईने धरूनच ठेवली तर निदान न्हाणीघराची कडी आतून लावू नका, कोणीतरी दाराशी असू दे. उष्णतेने धमन्या आणखी सैल पडतात आणि बाळंतिणी भोवळ येऊन पडतात त्या बहुतेक तिथेच.